श्राद्धाचं पान आणि पायाचा अंगठा

माझे पाय भाजत नाहीत असं शुक्रवार पेठेत बोललं जायचं, आणि मी ते बोलू देत होतो.

सोलापूरचं वैशाखातलं ऊन काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भर दुपारी देवळाच्या आवारातल्या काळ्या फरशीवर पाय टेकला की भले भले गडी नाचत सावलीकडं पळतात. मी पळायचो नाही. ओला पंचा नेसून, तोंडानं जप करत, सावकाश प्रदक्षिणा घालायचो. बायका खांबाआडून बघायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "काय बाई ही तपश्चर्या!" एकदोघींनी तर पायावर डोकं ठेवलं. मी आशीर्वाद दिला. मला खरोखरच वाटत होतं की जन्मभर केलेला गायत्रीजप आता कुठं अंगात मुरलाय आणि पायातून दिसायला लागलाय. हसा, खुशाल हसा. तुमच्या पायाला चटका बसेनासा झाला असता तर तुम्हीही आधी वैद्याकडं गेला नसता, देवाकडंच गेला असता.

माझा धंदा श्राद्धाचा. भिक्षुक म्हटला की लोकांना लग्नं-मुंजी आठवतात, पण मी पितरांच्या जागी बसणारा ब्राह्मण. ज्याचा बाप गेला त्याच्या घरी जायचं, त्याच्या बापाच्या पाटावर बसायचं आणि बापाच्या नावानं जेवायचं. मी तृप्त झालो तर बाप तृप्त झाला, असा शास्त्रार्थ. मग जो ब्राह्मण दोन घासांत हात आखडतो त्याला कोण बोलावणार? मी हात कधी आखडला नाही. खिरीच्या वाट्या, लाडू, वडे, वर तुपाची धार, मी काही मागं ठेवायचो नाही. "यांना बसवलं की बाप पोटभर जेवून जातो," अशी माझी ख्याती पार मंद्रूपपर्यंत होती. भाद्रपदातल्या पितृपक्षात माझं पान घरी मांडायची वेळच यायची नाही. लोक भिक्षुकाच्या पोटावर विनोद करतात. करा. पण ते पोट ही माझी विद्या होती आणि तिच्यावर माझं घर चाललं होतं.

ज्येष्ठातली गोष्ट. सकाळी मी न्हाणीपाशी बंबाजवळ उभा होतो आणि कसल्याशा कारणावरून बायकोवर तोंडसुख घेत होतो. तेवढ्यात वास आला. "काहीतरी जळतंय," मी ओरडलो, "दूध करपवलंस ना? लक्ष कुठं असतं तुझं?" ती आतून धावत आली. चुलीवर काही नव्हतंच. तिनं नाकाला पदर लावून इकडंतिकडं पाहिलं आणि किंचाळली, "अहो, तुमचा पाय!"

मी खाली बघितलं. बंबातून एक निखारा घरंगळून बाहेर आला होता आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा त्याच्यावर होता. वास माझाच होता.

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय खुळ्यासारखी? मला दुखत नाहीय." तशी ती जास्तच रडायला लागली. जे मला कळायला आणखी वेळ लागणार होता ते तिला तिथंच न्हाणीत कळलं होतं.

कोरफड झाली, तूप झालं, राळेचं मलम झालं. वैद्यबुवांचा लेप झाला. जखम हट्टाला पेटली होती. वरून सुकल्यासारखी वाटायची आणि दाबली की पाणी यायचं. आणि बायकोनं एकेक गोष्ट बोलून दाखवायला सुरुवात केली. तांब्यावर तांब्या पाणी पिता, तरी घसा कोरडा. सारखं परसात जाता. एवढं जेवता, तरी दंडाचं मांस सुटलंय. मी म्हणायचो, "उन्हाळा आहे." ती म्हणायची, "पाऊस पडून गेला, अजून कसला उन्हाळा?" शेवटी तिनं हत्यार उपसलं. म्हणाली, "डॉक्टरकडं आला नाहीत तर मी भाऊबिजेपर्यंत माहेरी जाते." माझ्या बायकोला स्वयंपाकात कोणी हरवलं नव्हतं, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

दवाखाना साखर पेठेत होता. डॉक्टर विणकरांच्या घरातला, मुंबईला शिकून आलेला, माझ्यापेक्षा बराच लहान. बाहेर बसलेल्या मागवाल्यांशी तेलुगूत बोलायचा आणि आमच्याशी आमच्याहून शुद्ध मराठीत. त्यानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता नळीत विटेचा रंग उतरला. तो मला म्हणाला, "डोळे मिटा, शास्त्रीबुवा. मी पायाला टाचणी लावतो. कळलं की सांगा."

मी डोळे मिटले. वाट बघितली. बराच वेळ झाला तरी हा काही करेना. मी वैतागून म्हणालो, "टोचा की मग! मला घरी पूजा आहे."

"टोचून झालं," तो म्हणाला. मी डोळे उघडले तर दोन्ही तळव्यांवर रक्ताचे बारीक ठिपके होते. बायकोनं तोंडात पदर कोंबला होता.

माझी सगळी तपश्चर्या त्या टाचणीनं काढून घेतली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप आला. ज्या पायांवर लोकांनी डोकं ठेवलं ते पाय मुके झाले होते, आणि मी त्याला सिद्धी म्हणून मिरवत होतो! कोणावर संतापावं ते कळेना, म्हणून मी डॉक्टरवर संतापलो.

"मधुमेह," तो म्हणाला.

हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या घरात वैद्यकाची पोथी होती आणि त्या पोथीत या शब्दाच्या शेजारीच 'असाध्य' असा शब्द होता. "म्हणजे झालं कल्याण," मी म्हणालो.

"जायचा नाही हे खरं, पण सांभाळता येतो," तो म्हणाला आणि एक जाड इंग्रजी पुस्तक उघडून आहार सांगायला लागला. "सकाळी अंडी. दुपारी मासळी, नाहीतर उकडलेलं मांस. कोंड्याचा पाव..."

मी उभाच राहिलो. "ऊठ गं," बायकोला म्हणालो. "बाटायला आलो नाही आपण इथं."

पोरगा गोरामोरा झाला. पुस्तक मिटून त्यानं बाजूला ठेवलं. "बसा, शास्त्रीबुवा, चुकलं माझं. हे साहेबानं साहेबासाठी लिहिलंय. तुम्ही काय जेवता ते तुम्हीच सांगा." डॉक्टरानं चुकलं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी बसलो.

मग सुईचा विषय निघाला. नवीन औषध आहे, कातडीखाली टोचायचं, साखर उतरते. मी विचारलं, "कशाचं करतात?"

"जनावराच्या पोटातल्या एका ग्रंथीचं."

"कुठल्या जनावराच्या?"

तो खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या नावावर आजही जमा धरतो. "बैलाच्या. डुकराच्याही."

"मग मी मेलो तरी चालेल," मी म्हणालो.

"मला चालणार नाही," बायको म्हणाली. परपुरुषासमोर ती माझ्यापुढं एवढं स्पष्ट कधी बोलली नव्हती.

डॉक्टर तिला म्हणाला, "काकू, घाबरू नका. यांच्या वयाला आणि यांच्या या पोटाला सुईवाचून जमण्यासारखं आहे. आत्ता मी सुईचं नाव काढत नाही. पण अंगठा काळा पडायला लागला तर काढणार, आणि तेव्हा यांनी आरडाओरडा करायचा नाही. आता काय काय साधायचं ते ठरवू. नळीतला रंग निळाच्या निळा राहिला पाहिजे. वजन उतरलं पाहिजे. भात बंद, गोड बंद, आणि ही श्राद्धाची जेवणं साफ बंद."

"बंद?" माझा आवाज बाहेरच्या मागवाल्यांनी ऐकला असणार. "आणि मी काय करू? शेंगा फोडत बसू?"

"अंगठा जाईल, शास्त्रीबुवा. अंगठ्यापाठोपाठ पाऊलही जाईल."

"अंगठा गेला तर काय होतं ठाऊक आहे तुम्हाला? ज्याचा अवयव तुटला तो ब्राह्मण पितरांच्या पानावर चालत नाही. शास्त्र आहे. म्हणजे खीर खाल्ली तर अंगठा जाणार आणि अंगठ्यापायी पान जाणार. खीर सोडली तर मला बोलावणार कोण? म्हणजे तसंही पान जाणार. इकडं आड, तिकडं विहीर!"

"जीव मोठा की पान मोठं?"

"तुम्हाला सांगितलं, दवाखान्याला कुलूप लावा आणि शंभर वर्षं जगा, तर जगाल?"

उत्तर दिलं ते बायकोनं. खाली मान घालून, पण ठामपणे. "डॉक्टर, सगळं एकदम सांगू नका. एकदम सांगितलं की हे एकदम सोडून देतात. आधी काय करायचं ते सांगा. बाकीचं मागनं."

डॉक्टर हसला, मग माझ्याकडं वळला. "शास्त्रीबुवा, तुम्हाला काय हवंय?"

रोग्याला असं कोणी विचारतं? आजवर वैद्यांनी मला काय नको ते सांगितलं होतं. काय हवं ते आईनंतर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मला भाद्रपदात मंद्रूपला पानावर बसायचंय. दोन्ही अंगठ्यांसकट."

"ठरलं. तेच धरू," तो म्हणाला. "भाद्रपदापर्यंत अंगठ्यावर नवी कातडी आली पाहिजे. हे पहिलं, आणि सगळ्यात मोठं. त्यासाठी नळीत विटेचा रंग दिसता कामा नये. निळा नको, मी हट्ट सोडतो, हिरव्यावर आलात तरी पुष्कळ. पोटाच्या मागं आत्ता लागायचं नाही, ते आपोआप उतरेल. पायांना आता कळत नाही, तेव्हा पायांचं काम डोळ्यांनी करायचं. काकू रोज सकाळी दोन्ही तळवे उजेडात बघतील. आणि अनवाणी चालायचं नाही."

"देवळात?"

"देवळात सावलीतनं. सिद्धी दाखवायची नाही."

हे त्यानं मुद्दाम म्हटलं. मी गिळलं.

मग आम्ही श्राद्धाचं पान मांडलं, तोंडानं. मी एकेक पदार्थ सांगायचा आणि त्यानं हो-नाही म्हणायचं. कारलं? हो. गवार? हो. आळूची भाजी? हवी तेवढी. आमसुलाची चटणी, कढी, कोशिंबीर? हो, हो, हो. उडदाचा वडा? एखादा. भात? मूद लहान. मला सांगता सांगता नवल वाटायला लागलं. जन्मभर मी या पानावर बसलो, आणि त्यावरच्या अर्ध्या गोष्टींकडं मी खिरीकडं जायच्या वाटेवरचे दगड म्हणूनच बघितलं होतं. लाडू? नाही. खीर?

"खीर नाही," तो म्हणाला.

"शास्त्राला चाखावी लागते."

"शास्त्राला थेंब पुरतो. वाटी पोटाला लागते."

वादात मला निरुत्तर करणारी माणसं सोलापुरात फार नव्हती. घरी येताना मी बायकोला म्हणालो, "पोरगं हुशार आहे." ती म्हणाली, "उद्यापासनं भाकरी एकच." तिनं मला सूतोवाचही करू दिलं नाही.

पायात काय घालायचं हा मोठाच घोळ झाला. चामडं मला सोवळ्यात चालायचं नाही आणि खडावांनी तर जखम वाढलीच असती. शेवटी बायकोनं बाजारातनं पांढरे कापडी बूट आणवले, खेळाडू घालतात तसले. सोवळं, उपरणं, कपाळाला गंध आणि पायात हे! गिरणीचा भोंगा झाला की पेठेतनं कामगारांचा लोंढा जायचा, आणि त्यात कोणीतरी ओरडायचंच, "भटजीबुवा, टेनिसला निघाला काय?" मी थांबायचो, वळायचो आणि म्हणायचो, "व्हय! येतोस काय चेंडू उचलायला?" पुढं पुढं पोरांनी नाद सोडला. ज्या बायकांनी पायावर डोकं ठेवलं होतं त्या आता वाट वाकडी करून जायच्या. जाऊ देत. त्यांच्या भक्तीनं अंगठा भरून येणार नव्हता.

पहिल्या पंधरवड्यात नळीतला रंग विटेवरून पिवळ्यावर आला. मी सातव्या अस्मानात. त्यानंतर आषाढी एकादशी आली आणि दुसऱ्या दिवशी नळीत पुन्हा वीट. डॉक्टर माझ्यावर डाफरला, "काय खाल्लंत?"

"काही नाही. उपास होता!"

"उपासाला काय खाल्लंत?"

मी सांगायला लागलो. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे गोड काप, केळी, राजगिऱ्याचा लाडू, बटाट्याची भाजी, रात्री वऱ्याचे तांदूळ. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्याच लोकांनी आमच्यावरच केलेली, आणि मी तिचा अर्थ नळीत बघितला. त्या दिवसापासून मी एकादशी ताकावर काढली. आमच्यातल्याच एकानं हटकलं, "ताकावर काय उपास होतो?" मी म्हणालो, "उपासच ताकावर होतो. तुमचा होतो तो उत्सव." त्यानं पुढं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

सोपं होतं असं कोणी समजू नये. श्रावणात शेजारी पुरण शिजलं की मी दार लावून घ्यायचो. एकदा जेवताना ताटावरच डोळ्यांत पाणी आलं, आणि बायकोनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. मी रागाच्या जोरावर तगलो. रोग म्हणतो मी तुझा पाय खाणार, लोक म्हणतात खाल्लं नाहीस तर तुझं पान काढणार. दोघांनाही दाखवतो, एवढी एकच गोष्ट मी मनात घट्ट धरली होती. गोकुळाष्टमीच्या सुमारास जखमेच्या कडा आत सरकायला लागल्या. बायको रोज सकाळी माझं पाऊल मांडीवर घेऊन उजेडात बघायची, आणि एके दिवशी तिनं ते पाऊल कपाळाला लावलं. नख गेलं होतं. पण गुलाबी कातडी आली होती, आणि नळी हिरवी होती.

मंद्रूपचे यजमान कोर्टाच्या कामाला सोलापूरला आले की आमच्याकडं डोकवायचे. मोठी शेतीवाडी, गावात मान, आणि त्यांच्या वडिलांच्या जागी मी वर्षानुवर्षं बसत आलेलो. त्यांनी रीतीप्रमाणे श्राद्धाचं आमंत्रण दिलं, आणि मी रीतीप्रमाणे स्वीकारलं. मग मी सांगितलं. लपवाछपवी माझ्यात नाही. म्हणालो, "बसेन मी, पण खिरीचा थेंब चाखेन, वाटी घेणार नाही. लाडू तर नाहीच." आजारही सांगितला.

ते म्हणाले, "गुरुजी, आमचे वडील खिरीवर जीव टाकायचे. तुम्हाला बोलवतो ते त्यासाठीच की. तुम्ही खीर नको म्हणणार असाल तर ते उपाशीच उठणार. मग दुसरा कोणी बघतो ना मी."

"आमंत्रण दिलंत. मी घेतलं. आता शास्त्रानं तुम्हाला ते परत घेता येत नाही आणि मला मोडता येत नाही. बसणार मीच."

"बसा," ते उठत म्हणाले. "पण वाढणार मी."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "यंदा नाही गेलात तर?" मी म्हणालो, "यंदा नाही गेलो तर पुढं कोणीच बोलावणार नाही. श्राद्धाचा ब्राह्मण आजारी पडला हे चालतं, घाबरला हे चालत नाही." तिनं माझे बूट धुवून उन्हात ठेवले.

सर्व्हिस मोटारीनं मी मंद्रूपला पोचलो. उंबऱ्यापाशी बूट काढले, पाय धुतले, यजमानांनी ते रीतीप्रमाणे पुसले. अंगठ्यावर त्यांचा हात जरा थांबला. देवांच्या जागी दुसरा ब्राह्मण बसला होता, मी पितरांच्या जागी बसलो. आत स्वयंपाकघरात त्यांची म्हातारी आई सोवळ्यात रांधत होती. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, हाताची चव तेवढी ओळखीची.

श्राद्धाला जेवताना ब्राह्मणानं बोलायचं नसतं. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, वाखाणायचं नाही, हवं-नको ते हातानं दाखवायचं. मी कारलं खाल्लं, गवार खाल्ली, आळूची भाजी पुन्हा मागितली. खिरीचा थेंब जिभेवर ठेवला. आणि यजमान खिरीचं भांडं आणि पळी घेऊन समोर येऊन उभे राहिले.

मी मान हलवली. त्यांनी पळी पुढं केली. मी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "घ्या, गुरुजी," ते म्हणाले. मी हात काढले नाहीत. "वडील वाट बघतायत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. तो राग नव्हता हे मला तेव्हाही कळलं. पोरगा बापाला जेवायला घालत होता, आणि बाप घेत नव्हता. तोंड उघडायची सोय असती तर मी कदाचित विरघळलोही असतो. त्यांनी पळी कलती केली. खीर माझ्या हातांवर पडली. चुलीवरून नुकती उतरलेली होती. पायांचं मला सांगता येत नाही, पण माझे हात चांगले जिवंत होते. डोळ्यांपुढं अंधारी आली. दुसऱ्या ब्राह्मणानं घास तोंडाशी धरून ठेवला. मी हात काढले नाहीत.

"नको म्हणतायत ना ते?"

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. म्हातारी चौकटीला धरून उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर माझ्याकडं नाही, मुलाकडं.

"आई, तू आत जा."

"तुझ्या बापाला काळपुळीचा फोड झाला तेव्हा वैद्यानं गोड बंद केलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी ज्या घरी गेले तिथं ताटात घातलं. एकानं काय होतंय, एकानं काय होतंय. मानाचा माणूस, नको म्हणायला त्यांना कधी जमलं नाही. मी पण वाढलं. आज पहिल्यांदा त्यांच्या पाटावर बसून कोणी नको म्हणतंय. आता तरी ऐक की रे त्यांचं."

यजमानांनी पळी भांड्यात ठेवली, भांडं जमिनीवर ठेवलं आणि उपरण्याच्या टोकानं माझे हात पुसले. दोन्ही हात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. श्राद्धात असलं काही सांगितलेलं नाही. मी पुसू दिले.

जेवणाच्या शेवटी कर्त्यानं ब्राह्मणाला विचारायचं असतं, तृप्त झालात का? आणि ब्राह्मणानं त्याच्या पितरांच्या वतीनं उत्तर द्यायचं असतं. यजमान समोर हात जोडून बसले. "तृप्ताः स्थ?" त्यांनी विचारलं. आवाज जेमतेम माझ्यापर्यंत आला.

"तृप्ताः स्मः," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरात म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.